हातात छत्तीसशे कमी कसे?

पॅकेज सेम, बेसिक सेम, जॉइनिंगची तारीखही सेम... मग इन-हँड वेगळा का? उत्तर पे-स्लिपवरच्या त्या एका ओळीत आहे, जिच्याकडे आपण कधी ढुंकूनही बघत नाही. पीएफ!

महिनाअखेरचा दिवस. दुपारचे साडेबारा. अख्ख्या फ्लोअरवर एकामागून एक मोबाइल टिंगटिंगायला लागतात आणि पुढची दहा मिनिटं कुणीही कीबोर्डला हात लावत नाही. पगार झालेला असतो! मग कँटीनमध्ये गर्दी, समोसे आणि 'तुझा किती पडला?' हा विचारू नये असा, पण सगळेच विचारतात असा प्रश्न.

मागच्या महिन्यात आमच्या टेबलावर याच प्रश्नावरून राडा झाला. आमच्या टीममधली दोन पोरं. एक टेस्टिंगमधली ती आणि दुसरा सपोर्टमधला तो. दोघंही कॉलेजातून थेट इथे आलेले, एकाच सोमवारी जॉइन झालेले, पॅकेज दोघांचंही वर्षाला ७ लाख २० हजार. त्याच्या खात्यात आले ५६,२००. तिच्या खात्यात ५२,६००. छत्तीसशेचा फरक! तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. 'एचआरने मला गंडवलंय' इथपासून 'मुलींना कमीच देतात' इथपर्यंत सगळं बोलून झालं. मग मी म्हटलं, बाई गं, आधी स्लिप उघड.

स्लिपमध्ये बेसिक दोघांचंही ३०,०००. पण पीएफच्या ओळीत त्याच्या नावापुढे १,८००, तिच्या नावापुढे ३,६००. आणि मग तिला आठवलं. जॉइनिंगच्या दिवशी त्या थंडगार कॉन्फरन्स रूममध्ये फॉर्मचा गठ्ठा पुढ्यात होता. त्यातल्या एकावर दोन चौकोन होते. 'पीएफ १५,००० रुपयांवर' आणि 'पीएफ पूर्ण बेसिकवर'. त्याने वरच्यावर टिक केली, तिने खालच्यावर. का? दोघांनाही सांगता येईना. लंच ब्रेक जवळ आला होता म्हणे!

बारा टक्के, पण कशाचे?

पीएफ म्हणजे पगाराच्या १२ टक्के, हे सगळ्यांना पाठ असतं. गडबड 'पगार' या शब्दात आहे. १९५२ साली भविष्य निर्वाह निधीचा कायदा झाला तेव्हापासून हिशोब चालतो तो बेसिक अधिक महागाई भत्त्यावर. खासगी ऑफिसांत महागाई भत्ता बहुतेकदा नसतोच, त्यामुळे राहतं ते बेसिक. घरभाडे भत्ता, ओव्हरटाइम, बोनस, कमिशन यांतलं काही पीएफच्या हिशोबात येत नाही. म्हणजे तुम्ही मित्रांना सांगता तो साठ हजारांचा आकडा पीएफच्या दृष्टीने बिनकामाचा. त्याला हवं असतं बेसिक.

त्या बेसिकच्या १२ टक्के तुमच्या पगारातून जातात आणि तेवढेच १२ टक्के कंपनी घालते. (वीसपेक्षा कमी कामगारांच्या काही आस्थापनांना आणि विडी, काथ्या, विटा अशा ठरावीक उद्योगांना दर १० टक्के आहे. काचेच्या बिल्डिंगमध्ये बसणाऱ्या आपल्यासारख्यांना बाराच.) पैसे जवळच्या पूर्ण रुपयात धरले जातात. आणि बेसिक म्हणजे त्या महिन्यात प्रत्यक्ष कमावलेलं बेसिक. तीस दिवसांच्या महिन्यात तीन दिवस बिनपगारी रजा टाकून गोव्याला गेलात, तर ३०,००० चं २७,००० होतं आणि पीएफ ३,६०० ऐवजी ३,२४० कापला जातो. गोव्याचा खर्च वेगळाच!

आता आली ती भिंत. कायद्याने सक्ती आहे ती एका मर्यादेपर्यंतच्या वेतनावर. १९५२ साली ही मर्यादा महिना ३०० रुपये होती. १९९४ मध्ये ५,०००, २००१ मध्ये ६,५०० आणि १ सप्टेंबर २०१४ पासून १५,०००. म्हणजे बेसिक तीस हजार असो की तीन लाख, कंपनी १५,००० च्या १२ टक्क्यांवर, म्हणजे १,८०० वर थांबू शकते. त्याच्या स्लिपवरचे १,८०० ते हेच. बेसिक १५,००० च्या वर गेलं की पुढचा पीएफ हा कंपनी आणि तुम्ही यांच्यातल्या राजीखुशीचा मामला. (आणि हो, तीन दिवसांच्या गोव्याने त्याच्या पीएफला काही होत नाही. २७,००० झाले तरी ते १५,००० च्या वरच आहेत ना!)

सीटीसी नावाची जादू

'पण फरक अठराशेचा हवा ना? छत्तीसशे कसा?' ती हुशार आहे, तिने लगेच पकडलं.

इथे खरी गंमत आहे. आपण ज्याला 'कंपनीचा वाटा' म्हणतो तो बहुतेक ऑफर लेटरमध्ये सीटीसीच्या आतच बसवलेला असतो. महिन्याचे ६०,००० ठरले, तर त्यातून आधी कंपनीचे ३,६०० बाजूला. उरले ५६,४००. त्यातून तुमचे ३,६०० गेले, ५२,८००. प्रोफेशन टॅक्सचे २०० गेले, ५२,६००. तिचा आकडा आला की नाही? त्याच्या बाबतीत दोनदा १,८०० गेले आणि २०० टॅक्स, म्हणून ५६,२००. (ग्रॅच्युइटी, मेडिक्लेम अशी बारीकसारीक कापाकापी मी इथे सोडून दिलीय, डोकं शांत राहावं म्हणून.)

कंपनीने आपला वाटा कामगाराच्या पगारातून वसूल करायचा नाही, असं योजनेत स्वच्छ लिहिलंय. पण पगार ठरतानाच तो पॅकेजमध्ये मोजला तर 'वसूल' कुठे केला? सगळे असंच करतात. काही कंपन्या तर सीटीसीच्या कागदावर १,८०० ऐवजी १,९५० लावतात. वरचे दीडशे म्हणजे विम्याचे ७५ आणि प्रशासकीय खर्चाचे ७५. १५,००० वर अर्धा-अर्धा टक्का. हे दीडशे तुमच्या पीएफ खात्यात दिसणार नाहीत, पण त्यातला विमा खरा आहे. नोकरीत असताना माणूस गेला तर घरच्यांना ७ लाखांपर्यंत मिळू शकतात. आपल्यापैकी किती जणांनी नॉमिनीचं नाव ऑनलाइन भरलंय? मी विचारलं तेव्हा आमच्या टेबलावर एकही हात वर झाला नव्हता.

कंपनीचे पैसे जातात कुठे?

तुमचे १२ टक्के सरळ तुमच्या पीएफ खात्यात जातात, त्यात वाटा-घाट नाही. कंपनीच्या १२ टक्क्यांचे मात्र दोन रस्ते आहेत. ८.३३ टक्के पेन्शन योजनेत (ही १९९५ ची योजना) आणि उरलेले ३.६७ तुमच्या खात्यात. हा ८.३३ आकडा विचित्र वाटतो, पण तो म्हणजे साधा बारावा भाग. वर्षाला एक महिन्याचं वेतन पेन्शनसाठी, असं समजा. पेन्शनलाही तीच १५,००० ची भिंत आहे, म्हणून महिन्याला जास्तीत जास्त १,२५०. पूर्ण बेसिकवर पीएफ घेणाऱ्याचे कंपनीकडून ३,६०० आले, तर १,२५० पेन्शनला आणि २,३५० खात्यात. १,८०० वाल्याचे १,२५० पेन्शनला आणि खात्यात फक्त ५५०! पासबुक बघून 'कंपनीने पैसे खाल्ले' म्हणून ओरडणारे आहेत ना, त्यांतल्या निम्म्या लोकांची ही केस असते.

पण आमच्या या दोघांना हे लागूच नाही. १ सप्टेंबर २०१४ नंतर जो पहिल्यांदाच पीएफमध्ये आला आणि ज्याचं वेतन तेव्हाच १५,००० च्या वर होतं, तो पेन्शन योजनेत येत नाही. त्याच्या कंपनीचा पूर्ण वाटा पीएफ खात्यात जातो. म्हणजे तिच्या खात्यात महिन्याला ७,२००, त्याच्या खात्यात ३,६००. उलट जो कुणी दहा-बारा हजारांवर सुरुवात करून वर आला, तो पेन्शनमध्ये आधीपासून आहे आणि राहतो. ही नोंद ठरते नवीन नोकरीत भरायच्या फॉर्म ११ वरून, आणि ती चुकली की चुकीच्या खिशात महिन्याला १,२५० जात राहतात. चूक वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. पासबुकात पेन्शनचा कॉलम वेगळा असतो. बघून ठेवा.

पेन्शन किती मिळणार म्हणाल, तर फार स्वप्नं बघू नका. पेन्शनपात्र वेतन गुणिले नोकरीची वर्षं भागिले ७०. पंधरा हजारांवर ३५ वर्षं धरली तर ७,५००. आणि त्यासाठी किमान १० वर्षांची सेवा पाहिजे. या दहा वर्षांवरून मला माझी जुनी जखम आठवते.

माझी बाइक

माझी पहिली नोकरी २००६ ची. तेव्हा मर्यादा ६,५०० होती आणि माझ्या स्लिपवर दर महिन्याला पीएफ ७८० रुपये. कंपनीच्या ७८० मधले ५४१ पेन्शनला आणि २३९ खात्यात. म्हणजे खात्यात महिन्याला हजाराच्या थोडे वर. त्या वयात ही रक्कम मला इतकी फुटकळ वाटायची की मी ती ओळ वाचतही नसे. २००९ ला मंदीने आमची अख्खी टीम घरी बसवली. दोन महिने मीही घरी. कुणीतरी सांगितलं, पीएफ काढ. दोन फॉर्म भरले, एक पीएफचा, एक पेन्शनचा. पैसे यायला इतका वेळ लागला की तोवर नवी नोकरी लागून पहिला पगारसुद्धा झाला होता. मग ते पीएफचे सेहेचाळीस हजार आणि पेन्शनचे थोडेफार मिळून काय केलं? बाइक! काळी, दीडशे सीसीची. डेक्कनवरून निघालो की वाटायचं सगळं पुणं माझ्याकडे बघतंय.

बाइक २०१५ मध्ये भंगारात गेली. नव्या कंपनीत ट्रान्सफर केले असते तर तेच सेहेचाळीस हजार, पुढे एक रुपयाही न घालता, मिळत गेलेल्या व्याजावर आज दीड लाखाच्या पुढे असते. पण ते जाऊ दे. खरं दुखलं ते दुसरंच. पेन्शनचे पैसे काढले की ती सेवा पुसली जाते. माझी सव्वातीन वर्षं दहाच्या मोजणीतून गेली आणि गाडी पुन्हा शून्यावरून सुरू झाली. मला त्या फॉर्मवर सही करताना हे कुणी सांगितलं नाही. खरं सांगायचं तर मी विचारलंही नव्हतं.

आता निदान यूएएन आहे. २०१४ पासून प्रत्येकाला एकच नंबर, नोकऱ्या कितीही बदला. तरी आमच्याकडे नोकरी बदलली की 'पीएफ काढून टाकू' हा पहिला विचार असतोच. सलग पाच वर्षं पूर्ण व्हायच्या आत काढलात तर त्यावर टॅक्स लागतो, हेही पैसे हातात आल्यावरच कळतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये ईपीएफओच्या विश्वस्त मंडळाने काढण्याच्या नियमांची फेरआखणी करायचं ठरवलं. त्यात नोकरी गेल्यावर खातं पूर्ण रिकामं करायची मुदत दोन महिन्यांवरून बारावर न्यायचा निर्णय आहे. पुष्कळ लोक त्यावर चिडले. मी नाही चिडलो. २००९ मध्ये हा नियम असता तर मी वर्षभर बसने फिरलो असतो, एवढंच!

बेसिक बारीक करायची कला

हिशोब बेसिकवर, तर बेसिकच बारीक ठेवा! ही आयडिया काही नवी नाही. पगार १७,०००, पण बेसिक ९,००० आणि 'स्पेशल अलाउन्स' ८,०००. पीएफ? १,०८०. त्या अलाउन्समध्ये स्पेशल काय आहे, हे कुणालाच माहीत नसतं. सगळ्यांना सरसकट मिळतो, दर महिन्याला मिळतो, पण बेसिक नाही म्हणे.

हा प्रश्न पश्चिम बंगालमधल्या एका शाळेच्या प्रकरणातून सुप्रीम कोर्टात गेला आणि २८ फेब्रुवारी २०१९ ला निकाल लागला. जो भत्ता सगळ्यांना सरसकट दिला जातो, जादा कामाशी किंवा कामगिरीशी ज्याचा संबंध नाही, तो बेसिकचाच भाग धरा. वरच्या उदाहरणात मग वेतन १७,००० होतं, मर्यादेमुळे १५,००० धरायचं आणि पीएफ १,८००.

त्यानंतर आल्या चार श्रमसंहिता, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू. त्यांतली वेतनाची व्याख्या सांगते, की वगळायचे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरची रक्कम पुन्हा वेतनात आणा. समजा एकूण २०,०००, बेसिक ७,००० आणि घरभाडे, प्रवास वगैरे १३,०००. भत्ते १०,००० च्या वर गेले, म्हणून ३,००० परत आत. वेतन झालं १०,०००, पीएफ ८४० वरून १,२००. या बातमीने गेल्या वर्षी ऑफिसाऑफिसांत घबराट उडाली, 'इन-हँड कमी होणार' म्हणून. केंद्रीय कामगार मंत्रालयाला डिसेंबरमध्ये खुलासा करावा लागला, की ज्यांचा पीएफ १५,००० च्या मर्यादेवरच कापला जातो त्यांच्या हातातल्या पगाराला धक्का नाही.

नीट बघा, हा सगळा झगडा आपल्या साठ हजारवाल्यांचा नाहीच. आपलं बेसिक कसंही १५,००० च्या वर आहे. झगडा आहे तो आपल्याला रोज गेटवर सलाम करणाऱ्या सिक्युरिटीवाल्याचा, रिसेप्शनवरच्या मुलीचा, कॉल सेंटरमध्ये पहिल्या नोकरीला लागलेल्या धाकट्या भावाचा. त्यांच्या स्लिपवर बेसिक बारीक झालं की म्हातारपणचे पैसेही बारीक होतात. घरात असं कुणी असेल तर एकदा त्यांची स्लिप मागून बघा. आणि नुसती स्लिप नको, पासबुकही. कंपनीने कापलेले पैसे पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचे असतात. स्लिपवर कापलेत आणि पासबुकात आलेच नाहीत, असं दोन-तीन महिने सलग दिसलं तर एचआरला विचारा आणि समाधान झालं नाही तर ईपीएफओच्या तक्रार पोर्टलवर जा. कापून न भरणं हा गुन्हा आहे.

मग टिक कुठे करायची?

परत आमच्या टेबलावर. समोसे संपले होते, पण आता दोघंही कॅल्क्युलेटर काढून बसले होते. फरक महिन्याला ३,६०० चा. पीएफला २०२४-२५ साठी व्याज होतं ८.२५ टक्के. ते दर महिन्याच्या शिलकीवर मोजतात आणि वर्षाला एकदा जमा करतात. दर हाच राहील असं धरलं (राहीलच असं नाही, १९९० च्या दशकात तो १२ होता आणि २०२१-२२ मध्ये ८.१ वर आला होता) आणि पगार एक पैसाही वाढला नाही असं धरलं, तरी हा फरक १० वर्षांत साधारण साडेसहा लाख होतो. वीस वर्षांत एकवीस लाख. भरलेले असतात ८ लाख ६४ हजार. ती ते आकडे बघून एकदम गप्प झाली. एचआरवरचा राग कुठल्या कुठे!

तो मात्र बधला नाही. त्याचं म्हणणं, छत्तीसशे मी म्युच्युअल फंडात टाकीन, जास्त मिळतील. मिळतीलही. टाकत असेल तर. मी त्याला विचारलं, जूनपासून किती टाकलेस? तो कोल्ड्रिंककडे बघायला लागला. पीएफचा मोठा गुण माझ्या मते व्याजदर नाहीच, तो आपल्या हातात यायच्या आधी जातो हा आहे. आमच्या वडिलांच्या पिढीत 'फंडाचे पैसे' हा शब्द घरात कुजबुजत उच्चारला जायचा. पगार कधी पुरला नाही, पण रिटायर झाल्यावर गावच्या घरावर स्लॅब पडला तो त्या फंडातून.

पण सगळ्यांनी डोळे मिटून खालच्या चौकोनावर टिक करा, असंही मी म्हणणार नाही. वाकडला वन-बीएचके घेतलाय, हप्त्याने कंबर मोडलीय आणि क्रेडिट कार्डचं बिल महिन्याला तीनेक टक्क्यांनी फुगतंय, त्या माणसाने सव्वाआठ टक्क्यांसाठी छत्तीसशे अडकवणं वेडेपणा आहे. आधी कार्ड फेडा. जुन्या करपद्धतीत पीएफवर मिळणारी वजावट नव्या पद्धतीत नाही, तेव्हा 'टॅक्स वाचतो' म्हणून उडी मारणार असाल तर आधी आपण कुठल्या पद्धतीत आहोत ते बघा. उलट कर्ज नाही, घरी जेवण आहे, अशा पोरापोरींनी पूर्ण बेसिकवर पीएफ घ्यावा आणि वर पैसे उरले तर व्हीपीएफही. त्यात आपला वाटा पूर्ण बेसिकपर्यंत वाढवता येतो. वर्षाला स्वतःचा वाटा अडीच लाखांच्या वर गेला की वरच्या रकमेच्या व्याजावर टॅक्स आहे, पण व्हीपीएफ न घालता नुसत्या १२ टक्क्यांनी तिथवर जायला बेसिक महिना पावणेदोन लाखांच्या घरात लागतं. तिथे पोचाल तेव्हा सीए ठेवालच!

आमच्या सपोर्टवाल्याने दुसऱ्या दिवशी एचआरला मेल टाकलाय, एप्रिलपासून पूर्ण बेसिकवर होईल का म्हणून. उत्तर यायचंय. ती रोज पासबुक उघडून बघते, जणू व्याज रोज पडतं. आणि त्या दिवशीचं समोशांचं बिल त्यानेच भरलं. छत्तीसशे जास्त येतात ना त्याला!